नेहमीपेक्षा स्वच्छ

इचलकरंजीत माणसं मागांच्या खडखडाटात गाढ झोपतात आणि लाइट जाऊन माग थांबले की दचकून उठतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. गावाला पाहुण्यांचं वाटतं.

अभय बिरनाळे याच गावात जन्मला, इथेच बी. कॉम. झाला आणि यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या दुकानात वडिलांच्या गादीवर बसला. त्याचं नाव अभय. बारशाच्या वेळी मूल पुढे कसं निघणार हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे आईवडिलांना दोष देता येत नाही. अभयला कुत्र्याची भीती वाटे, लिफ्टची वाटे, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची वाटे. भीती वाटत नसे ती फक्त यंत्रांची. माणूस आत्ता येतो म्हणून परवा उगवतो. यंत्र असं करत नाही, हा त्याचा अनुभव होता.

बिरनाळ्यांच्या घराची एक खूण होती. त्यांच्या छात्या वाजत. अभयच्या वडिलांची, आप्पांची, सगळ्यात जास्त. बारीक, लांब शिट्टी, शेवटाला जरा वर चढणारी. पण याला कुणी आजार म्हणत नसे. "आमचा कोठाच सर्दीचा," असं म्हणत. त्यासाठी दुसराही एक शब्द होता, दोन अक्षरांचा, पण तो घरात उच्चारायची पद्धत नव्हती. दमा म्हटलं की पोरींची स्थळं परत जातात. कोठा म्हटलं की आल्याचा चहा मिळतो. शहाणी माणसं चहा घेतात.

लहानपणी अभय त्या शिट्टीवर झोपायचा. तो दहावीत असताना एका दुपारी ती थांबली. आक्का, म्हणजे त्याची आई, ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "झोपलेत बघ निवांत. उठवू नको." मग घरातले सगळे पाय न वाजवता चालू लागले. चहाच्या वेळी उठवायला गेले तेव्हा आप्पा उठण्याच्या पलीकडे गेले होते. झोपेत गेले, पुण्यवान माणूस, असं सगळी गल्ली म्हणाली. अभयनंही तेच म्हणायला शिकून घेतलं.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. पेट्रोलपंपांवर अर्ध्या जागेत चार्जिंगचे खांब उभे राहिले, अभयचं पद्मजाशी लग्न झालं, तिशू झाली, ती तिसरीत गेली आणि गावात सावली आली.

सावली म्हणजे छातीवर चिकटवायची दहाच्या नाण्याएवढी पट्टी. ती श्वासाचा आवाज ऐकायची, ठोके मोजायची, अंगाची ऊब, रक्तातला ऑक्सिजन आणि साखर बघायची. एवढं तर जुनी घड्याळंही करत. खरी गंमत पुढे होती. जुन्या वैद्यकात नॉर्मल नावाची एक वस्तू असे, आणि ती लाखो माणसांची सरासरी काढून केलेली असे. सरासरी म्हणजे सगळ्यांना होणारी आणि सगळ्यांना चावणारी चप्पल. एखाद्या मुलाचं अंग मुळातच कोमट असतं, एखाद्या बाईचे ठोके मुळातच संथ पडतात. मग ताप कुणाला आला आणि रक्तदाब कुणाचा वाढला हे ओळखायचं, तर त्या माणसाचं स्वतःचं 'नेहमीचं' काय, हे आधी कळायला हवं. म्हणून सावली पहिला महिनाभर काही बोलायचीच नाही. नुसती ऐकायची. त्या महिन्याच्या शिदोरीवर ती संगणकात त्या माणसाची एक प्रतिकृती उभी करायची. पुढे माणूस आणि प्रतिकृती यांच्यात फरक पडला की सांगायची. ताप चढायच्या आदल्या संध्याकाळी सांगायची, कान फुटायच्या आधी सांगायची, आजोबांची साखर त्यांनी लाडू लपवून खाल्ल्यावर लगेच सांगायची. हिरवी म्हणजे नेहमीसारखं. पिवळी म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे दवाखाना; आणि लाल झाली की तिथं नंबरही आपोआप लागायचा.

दवाखान्यांतली गर्दी ओसरली. डॉक्टर वेळेवर जेवू लागले. आईबापांनी पोरांच्या कपाळाला हात लावून बघायचं सोडून दिलं.

तिशूच्या शाळेनं सावली सक्तीची केली तेव्हा अभयनं हौसेनं सगळ्या घरालाच पट्ट्या आणल्या. नोंदणीला पद्मजा फोन घेऊन बसली. ती बँकेत होती, त्यामुळे कुठलाही रकाना रिकामा ठेवणं तिला सहन होत नसे.

"अहो, 'ज्ञात जुनाट आजार' म्हणून विचारलंय. तिशूची छाती वाजते ते लिहू का?"

आक्का शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "छाती वाजणं हा काय आजार हाय? कोठा हाय त्यो. उद्या नाक मोठं हाय म्हणून लिहिशील."

"पण आई, थंडीत जरा जास्तच—"

"थंडीत सगळ्यांचंच वाजतं. ह्याचं वाजत हुतं, आप्पांचं वाजत हुतं. मेलं का कोण त्यानं?"

पद्मजानं अभयकडे बघितलं.

"नाही लिही," अभय म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हे इथं सांगितलं पाहिजे. त्याला मनापासून असंच वाटत होतं.

तो महिना डिसेंबरचा होता. गल्लीत दोन्ही बाजूंना माग, हवेत कापसाची तूस, सकाळी धुकं. तिशूची छाती रोज वाजत होती. सावलीनं आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखी ती शिट्टी पाठ केली. त्रिशला अभय बिरनाळे, वय वर्षे आठ, हिच्या श्वासात शिट्टी असते. ऑक्सिजन जरा कमीच असतो. हे तिचं नेहमीचं. महिना संपला आणि सावली हिरवी उगवली. हिरवीगार. आक्कानं शेजारी साखर वाटली.

"बघितलास? मशीनबी म्हणतंय पोरगी चांगली हाय."

संक्रांत होऊन गेल्यावरच्या एका रविवारची गोष्ट. तिशू सकाळभर मैदानावर खो-खो खेळून आली ती नाक ओढतच. तिशू कशी होती ते सांगायला हवं. ती बोलायची. जेवताना, दात घासताना, दुसरं कुणी बोलत असताना. 'वर्गात बडबड करते' हा शेरा तिला पहिलीपासून इमानानं मिळत आला होता.

आक्कानं करवंटीचा निखारा केला, त्यावर मूठभर ओवा टाकला आणि तिशूला चादरीखाली घेऊन धुरी दिली. बिरनाळ्यांच्या घरात सर्दीला धुरी देतात. आप्पांनाही द्यायचे.

चादरीतून तिशू बाहेर आली ती खोकत. छाती पाव्यासारखी वाजत होती. अभयनं फोन बघितला. हिरवी. 'श्रमानंतरचा श्वास. नेहमीसारखे.' तो परत पेपर वाचू लागला.

"तिशू, भजी तळतेय. कांद्याची करू की बटाट्याची?" स्वयंपाकघरातून पद्मजानं विचारलं.

"नको."

"काय नको? कांदा नको?"

"नको."

"रुसली वाटतं," पद्मजा म्हणाली. "मैदानावर भांडून आली असणार."

तिशू पलंगाच्या कडेला बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून. अभयला वाटलं, चला, पोरगी जरा गंभीर व्हायला लागली. हळूहळू तिची शिट्टी बारीक होत गेली. मग थांबली.

"बघ," आक्का समाधानानं म्हणाली. "उतरली का न्हाई धुरीनं? आता पडू दे तिला निवांत. उठवू नको."

तेवढ्यात फोन वाजला. त्रास असल्यावर वाजतो तसा नव्हे, गोड. पडद्यावर एक फूल उमललं आणि खाली अक्षरं आली: 'त्रिशलाचा श्वास आज नेहमीपेक्षा स्वच्छ आहे. अभिनंदन!'

अभय हसला. हसू ओठांवर असतानाच त्याला जाग आली. म्हणजे तो जागाच होता. पण माग थांबल्यावर गावाला येते तशी जाग आली. बाहेर माग चालू होते. आत काहीतरी थांबलं होतं.

उठवू नको.

तो पलंगापाशी गेला. तिशूच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, कुणीतरी आतून बोटानं ओढावा तसा. फासळ्यांच्या मधली कातडी आत जात होती. ओठांचा रंग जांभळट. आणि आवाज कसलाच नाही. डोळे उघडे होते आणि ते अभयकडे बघत होते. त्या डोळ्यांत जे होतं ते अभयला नीट ओळखू आलं, कारण तो त्याच्या स्वतःच्याच घरचा माल होता.

"पद्मा! गाडी काढ!"

"भजी—"

"गॅस बंद कर आणि गाडी काढ!"

"अरे, हिरवी हाय की!" आक्का मागून ओरडत राहिली. "हिरवी हाय!"

दवाखाना नव्या पद्धतीचा होता. काचेचं दार, दाराशेजारी काउंटर, काउंटरमागे एक मुलगी. दार लाल सावलीला आपोआप उघडायचं. इतरांना काउंटरवरच्या मुलीशी बोलता यायचं.

"हिला श्वास घेता येत नाहीये," पद्मजा म्हणाली. तिशू अभयच्या खांद्यावर होती.

मुलीनं पडदा बघितला. "हिरवी आहे हो."

"तिच्याकडं बघा ना!"

"काकू, मी बघून काय करू? सावली बघतेय ना. खेळून आलीय का? हां, तेच दाखवतंय. ऑक्सिजन खाली आहे, पण तो तिचा नेहमीच जरा कमी असतो." ती मुलगी वाईट नव्हती. आवाजात माया होती. "रविवारी सगळे आईबाप घाबरतात. बसा जरा. लाल झाली की दार आपोआप उघडतं."

"लाल कधी होणार?"

"झाली तर होईल ना."

पद्मजानं काचेवर मूठ मारली. काच चांगल्या प्रतीची होती. तिशूची छाती अभयच्या छातीला टेकली होती, आणि त्याला तिचं बारीक, भराभर हिसकणं कळत होतं. मग ते हिसकणंही मंद होऊ लागलं. त्याच्या कानांत ठोके पडू लागले, आधी कानांत, मग दातांत. घाम सुटला. हातांना मुंग्या आल्या. दुपार होती, ऊन होतं, आणि कुणीतरी ओठांवर बोट ठेवून उभं आहे असं त्याला वाटलं.

काउंटरवर भोंगा वाजला. दार सरकलं. दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत बाहेर धावत आले.

"अभय बिरनाळे कोण?"

"मी."

त्याच्या शर्टाच्या आत, त्याच्या छातीवरची सावली लालभडक झाली होती.

"झोपा! झोपा लवकर! हार्टचं दाखवतंय!"

अभयनं तिशूला स्ट्रेचरवर ठेवलं, दांडी धरली आणि पळायला सुरुवात केली. दाराला स्ट्रेचरवर कोण आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं. लाल सावली जवळ आली होती. दार उघडं राहिलं.

"अहो, तुम्ही झोपायचं! तुम्ही पेशंट आहात!"

"चला तुम्ही!"

आत डॉक्टर हुक्केरी होते. तिशीच्या आतले, चेहऱ्यावर अजून कॉलेज. त्यांनी पडदा बघितला, मग अभयला. "बिरनाळे, पळताय काय? बसा खाली. तुम्हाला अ‍ॅटॅक येऊ शकतो."

"मला काही झालेलं नाही. मला भीती वाटतीय. हिला बघा."

डॉक्टरांनी दुसरा पडदा ओढला. "ही तर हिरवी आहे. उलट श्वास नेहमीपेक्षा—"

"डॉक्टर, तिला दमा आहे."

पद्मजानं वळून नवऱ्याकडे बघितलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि हा शब्द तिनं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"आम्हाला सगळ्यांनाच आहे," अभय म्हणाला. आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. "माझ्या वडिलांना होता. त्यांचा श्वासपण असाच स्वच्छ झाला होता. दुपारी. आम्ही त्यांना उठवलं नाही."

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढून मुलीवर ठेवली. भिंतीवरच्या खिळ्याला स्टेथोस्कोप लटकत होता. तो त्यांनी ओढून घेतला, तिच्या पाठीला लावला, सरकवला, पुन्हा सरकवला. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हवाच जात नाहीये," ते म्हणाले. मग ओरडले, "ऑक्सिजन! नेब्युलायझर आणा! सिस्टर, इंजेक्शन भरा!"

पुढचं अभयला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मास्कमधून निघणारी पांढरी वाफ. तिशूच्या पायातला एकच मोजा. पद्मजा तो पाय धरून बसली होती आणि तिच्या हाताला बेसन लागलेलं होतं. स्टेथोस्कोप पुन्हा पुन्हा पाठीवर जात होता आणि डॉक्टर पुन्हा पुन्हा मान हलवत होते. नाही. अजून नाही. पुन्हा वाफ. त्याची सावली एकसारखी भोंगा वाजवत होती, शेवटी एका सिस्टरनं ती त्याच्या छातीवरून ओरबाडून काढली.

आणि मग, किती वेळानं कोण जाणे, मास्कच्या आतून शिट्टी आली. बारीक, लांब, शेवटाला जरा वर चढणारी.

अभय बिरनाळे तिथंच फरशीवर बसून रडला.

पद्मजाच्या फोनवर अक्षरं उमटली: 'त्रिशलाचा श्वास पुन्हा नेहमीसारखा.' सावली हिरवी होती. ती मघाशीही हिरवी होती.

तिशू झोपल्यावर डॉक्टर बाहेर बाकावर येऊन बसले.

"दम्यात श्वासाच्या नळ्या आतून सुजतात, आवळतात," ते म्हणाले. "अरुंद नळीतून हवा गेली की शिट्टी वाजते. पण नळ्या फारच आवळल्या की हवाच जात नाही, मग शिट्टी कुठून वाजणार? शिट्टीलासुद्धा वारा लागतो. पुस्तकात आहे हे. आम्ही सगळ्यांनी वाचलंय." मग ते म्हणाले, "हिची छाती वाजते हेच तिचं नेहमीचं, असं सावली शिकली. त्यामुळे आवाज गेला तेव्हा तिला वाटलं, सुधारणा झाली. जुनाट आजारात काय लिहिलं होतंत?"

"नाही असं."

"का?"

"आजार नव्हता तो. कोठा होता."

डॉक्टर हसले नाहीत. ते खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर गाव होतं, आणि गावात माग चालू होते. "माझी आईपण तेच म्हणते," ते म्हणाले. "या गावात किती जणांनी 'नाही' लिहिलं असेल, बिरनाळे?"

निघताना डॉक्टरांनी औषधाचा पंप कसा ओढायचा ते दाखवलं. रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी घ्यायचा, आणि धुरी या घरातून कायमची बंद. "आणि नुसतं ऐकत बसू नका. गळ्याचा खळगा बघा. तिच्याशी बोला. मूल एक सबंध वाक्य एका श्वासात बोलत नसेल तर फोन बघू नका, सरळ इकडं या."

"आणि दार?"

डॉक्टर जरा ओशाळले. "मागच्या बाजूला साधं लाकडी दार आहे. कडी आहे त्याला. वाजवा."

सावलीत दुरुस्ती करायला अभयनं कंपनीला कळवलं. उत्तर लगेच आलं: आपली विनंती विचाराधीन आहे, तोपर्यंत सावली पूर्ववत काम करत राहील. शाळेत पट्टी सक्तीची होती, त्यामुळे ती तिशूच्या छातीवर राहिली.

त्याच आठवड्यात आक्कानं करवंट्या स्वतःच बंबात घातल्या. मग एका सकाळी, अभय दुकानाला निघाला असताना, ती दाराशी येऊन उभी राहिली. छाती वाजत होती.

"अभय, त्यो पंप मोठ्या माणसाला चालतोय का रे? कोठ्याला?"

"कोठ्याला नाही चालत, आक्का. दम्याला चालतो."

आक्कानं उंबऱ्याकडे बघितलं. "मग त्याला आण," ती म्हणाली.

पंपानं तिशू सुधारत गेली. मार्चमध्ये एका दुपारी अभय दुकानात एका गिऱ्हाइकाला मागाचा धोटा दाखवत होता. फोन वाजला. गोड. पडद्यावर फूल उमललं.

'त्रिशलाचा श्वास आज नेहमीपेक्षा स्वच्छ आहे. अभिनंदन!'

तीच अक्षरं. तेच फूल. बरी झालेली छाती आणि बंद पडलेली छाती यांना सावली एकच फूल द्यायची. धोटा हातातून सुटून काउंटरवर आपटला. आज शाळेला सुट्टी होती. पद्मजा बँकेत. घरी आक्का आणि तिशू. आक्का दुपारची झोपते.

त्यानं घरी फोन लावला. वाजत राहिला. वाजत राहिला. उचलला.

"काय?" तिशूचा आवाज.

एक शब्द.

"तिशू, बोल."

"काय?"

"काहीही. मोठं वाक्य बोल. लांब."

पलीकडे शांतता. त्याच क्षणी लाइट गेली. गल्लीतले माग एकामागून एक थांबले, आणि सगळ्या इचलकरंजीवर ती भयाण शांतता पसरली जिच्यात माणसं दचकून उठतात. गिऱ्हाईक अभयच्या तोंडाकडे बघत होतं. अभय फोन कानात खुपसून उभा होता.

"पप्पा, तुम्ही रोज रोज असं का करताय, काल मी अंघोळीला गेले होते तर तुम्ही दार वाजवून पाढे म्हणायला लावले आणि परवा अनुष्काच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर मला कविता म्हणायला लावली आणि आता मी आक्काची वेणी घालत होते तर ती अर्धी सुटली आणि आक्का म्हणतीय की तुझ्या बापाला काय दुसरं काम हाय का न्हाई!"

ती थांबली. मग तिनं श्वास घेतला. आवाज न करता, खोल, सबंध.

"अजून बोल," अभय म्हणाला.